धुऱ्यावरचे तारे: आयनीभूत वायुमेघांच्या काठावर जड तारे कसे जन्मतात? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

डिसेंबरात आमच्याकडे शेतीची लाइन बऱ्याचदा रात्रीची असते. थ्री फेज आली की माणसं गव्हाच्या ओलिताला शेतात जातात, आणि नेमका तेव्हाच मृग डोक्यावर असतो. त्यामुळे आमचं आकाशदर्शन शाळेच्या गच्चीवर कमी आणि शेताच्या धुऱ्यावर जास्त होतं. मी तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या भागात लोकांनी फिरून फिरून विचारलेले प्रश्न इथे मांडले आहेत. विषय मुद्दाम एकच ठेवला आहे, आकाशातल्या वायूच्या ढगांच्या काठावर जन्मणारे जड तारे, कारण सगळ्यात जास्त माणसं इथेच अडतात आणि मला स्वतःला त्याचीच सगळ्यात जास्त ओढ आहे.

(धुरा म्हणजे शेताचा बांध. पुण्या-नाशकाकडच्या वाचकांसाठी सांगितलं.)

"सर, ढग म्हणता तो पावसाचाच ना?"

नाही. त्यात पाणी नावापुरतं असतं. हा ढग मुख्यतः हायड्रोजनचा, थोडा हेलियमचा आणि वजनाच्या सुमारे शंभराव्या हिश्शाइतक्या धुळीचा. धूळ म्हणजे काजळी आणि वाळूच्या जातीचे अतिशय बारीक कण. मोठा मेघ शंभरेक प्रकाशवर्षं पसरलेला असतो आणि त्यात लाखो सूर्य घडतील इतका माल असतो. तरी तो विलक्षण विरळ असतो. आपण श्वासात घेतो त्या हवेच्या एका घन सेंटिमीटरमध्ये २५ वर १८ शून्यं इतके रेणू असतात. तेवढ्याच जागेत या मेघात काहीशे असतात, दाट भागात फार तर हजारो-लाखो. आणि थंडी केवढी? शून्याखाली २६० अंश सेल्सियसच्या आसपास. आत हायड्रोजनचे अणू जोडीजोडीने रेणू होऊन राहतात, म्हणून याला रेण्वीय मेघ म्हणतात.

आयनीभूत म्हणजे नेमकं काय झालेलं असतं?

हायड्रोजनच्या अणूत एक प्रोटॉन आणि त्याला बांधलेला एक इलेक्ट्रॉन. तो इलेक्ट्रॉन तोडायला १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. ९१.२ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशात ती असते. आपला सूर्य तसा प्रकाश अगदीच नगण्य देतो, कारण त्याचा पृष्ठभाग सुमारे ५,८०० केल्विनचाच आहे (केल्विन म्हणजे सेल्सियसच्या आकड्यात २७३ मिळवून येणारं माप). तीस-चाळीस हजार केल्विनचा तारा मात्र तो अक्षरशः ओततो. त्याच्या भोवतालच्या हायड्रोजनचे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन सुटे होतात, हेच आयनीभवन. सुटे झालेले पुन्हा भेटतात, भेटताना प्रकाश सोडतात आणि पुन्हा तोडले जातात. तेजोमेघांच्या फोटोतला तांबडा रंग या भेटीगाठींचा आहे, तरंगलांबी ६५६.३ नॅनोमीटर.

हे किती लांबवर चालतं, याचा हिशेब १९३९ साली डेन्मार्कच्या बेंट स्ट्रोमग्रेन यांनी मांडला. ओलिताचं बघा. मोटर मिनिटाला जेवढं पाणी फेकते आणि रान जेवढं पिते, त्या हिशेबानेच ओल पुढे सरकते. एका जागी ओलं संपतं आणि कोरडं सुरू होतं, आणि ती रेघ स्वच्छ दिसते. आतला वायूही ताऱ्याचा अतिनील प्रकाश तसाच पिऊन टाकतो. प्रकाश संपला की आयनीभवन संपलं. मेघाच्या आकाराच्या मानाने ही सीमा फार पातळ असते. या लेखातला काठ तो हाच.

आयनीभवनाचं नाव निघालं की मेघनाद साहांचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ताऱ्यांच्या वातावरणात तापमान आणि दाबानुसार किती अणू आयनीभूत होतील, हे त्यांच्या १९२० सालच्या समीकरणाने सांगितलं. तिथे काम उष्णतेचं आहे, इथे थेट प्रकाशाचं, एवढा फरक लक्षात ठेवावा.

पुस्तकात "एच-टू क्षेत्र" लिहिलंय. म्हणजे हायड्रोजनचा रेणू का?

उलट. तो दोन रोमन आकड्यांतला आहे. रोमन एक म्हणजे शाबूत हायड्रोजन अणू, रोमन दोन म्हणजे इलेक्ट्रॉन निघून गेलेला. एच-टू क्षेत्र म्हणजे वर सांगितलेला आयनीभूत भागच. बारावीची मुलं दरवर्षी इथे घसरतात.

जड तारा कोणाला म्हणायचं?

साधारण सूर्याच्या ८ पट किंवा त्याहून अधिक वस्तुमानाचा. असे तारे शेकड्यात एकही भरत नाहीत, पण प्रकाशात सगळ्यांना झाकून टाकतात. सूर्य सुमारे १,००० कोटी वर्षं जगेल. हे तारे ३०-४० लाख वर्षांपासून फार तर तीन-चार कोटी वर्षं जगतात आणि शेवटी त्यांचा स्फोट होतो. आपल्या शरीरातला बराचसा ऑक्सिजन अशाच ताऱ्यांत शिजलेला आहे. म्हणून ते कुठे आणि कसे जन्मतात, हा प्रश्न मला आपल्या घरचा वाटतो.

"इतका मोठा जाळ पेटला तर ढग जयून जाईन ना. मंग धुऱ्यावर नवे तारे काहून होतात?"

हा प्रश्न एका काकांनी रात्री दीड वाजता, हातात फावडं असताना विचारला. याच्याइतका नेमका प्रश्न मला वर्गात कधी कोणी विचारला नाही.

ढग जळत नाही, कारण तिथे जळण्याची क्रियाच नाही. पण उधळला जातो, हे खरं. किती जोराने, ते पाहा. थंड मेघात तापमान १० केल्विन, आयनीभूत भागात सुमारे १०,००० केल्विन, म्हणजे हजारपट. शिवाय हायड्रोजनच्या एका रेणूचे दोन प्रोटॉन आणि दोन इलेक्ट्रॉन मिळून चार कण झाले. दाब हा कणांची संख्या आणि तापमान यांच्या गुणाकाराने वाढतो. म्हणजे काठाच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा हजारो पटींनी जास्त. असा वायू गप्प बसणार नाही. तो फुगतो, सुरुवातीला सेकंदाला १० किलोमीटरच्या घरात. थंड मेघात ध्वनीचा वेग सेकंदाला जेमतेम ०.२ किलोमीटर. बाहेरच्या वायूला बाजूला सरायला सवडच मिळत नाही. तो तिथल्या तिथे ढकलला जातो आणि काठाच्या पुढे थर होऊन साचतो.

काकांना मी तेव्हा हे आकडे सांगितले नाहीत. दांडातून नुकतंच पाणी वाफ्यात सोडलं होतं, बॅटरीचा उजेड त्याच्या तोंडावर धरला. कोरड्या काळ्या मातीवरून पाणी पुढे सरकत होतं आणि त्याच्या ओठावर सोयाबीनचं कुटार, तुरीचा पाला, काड्या, फेस असं सगळं गोळा होत चाललं होतं. वाफ्याच्या सुरुवातीला बोटभर रुंद असलेली ती कड दहा पावलांवर वीतभर झाली. पुढे ती एकसारखी राहिली नाही. तिचे ठिकठिकाणी पुंजके झाले, आणि ज्या पुंजक्याने आधी जास्त कचरा धरला त्यालाच आणखी येऊन चिकटत गेला.

मेघाच्या काठावरही असाच माल जमतो. फरक एवढाच की कुटाराच्या पुंजक्यांना एकमेकांची ओढ नसते आणि वायूच्या थराला असते, गुरुत्वाकर्षणाची. थर पुरेसा जाड झाला की ही ओढ वरचढ ठरते, थराचे तुकडे पडतात आणि तुकडे आपल्याच भाराने कोसळून तारे बनतात. ब्रूस एल्मग्रीन आणि चार्ल्स लाडा यांनी १९७७ साली हा विचार मांडला. त्याला "गोळा करा आणि कोसळा" अशा अर्थाचं नाव पडलं आहे.

काका पुंजक्याकडे बघून म्हणाले, "म्हणजे हाकलता हाकलता जमवलं." मला याहून बरं वाक्य सुचलेलं नाही.

माल गोळा होईपर्यंत थांबावंच लागतं का? आधीच एखादा गोळा असला तर?

मग काम लवकर होतं. मेघ मुळात एकसारखा नसतोच, त्यात आधीपासून दाट गोळे असतात. आयनीभवनाची सीमा अशा गोळ्यावर येऊन आदळली की त्याच्या ताऱ्याकडच्या बाजूचा वायू तापून उसळतो आणि ताऱ्याच्या दिशेनेच उडून जातो. दिवाळीच्या रॉकेटमधून वायू खाली सुटतो आणि रॉकेट वर जातं. इथे वायू ताऱ्याकडे सुटतो आणि गोळ्याचं उरलेलं अंग उलट बाजूला, आत दाबलं जातं. जो गोळा आपापला कोसळायला बराच काळ लावला असता किंवा कोसळलाच नसता, तो या दाबाने कोसळतो. याला प्रारणाने, म्हणजे ताऱ्यातून निघणाऱ्या प्रकाशाने, घडवलेलं अंतःस्फोटन म्हणतात. नाव जड आहे, क्रिया मात्र रॉकेटचीच.

ते प्रसिद्ध खांब असेच झालेत का?

हो, त्याच कुटुंबातले. सर्प तारकासमूहातल्या गरुड तेजोमेघात, सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षांवर, वायू आणि धुळीचे खांब उभे आहेत. हबल दुर्बिणीने १९९५ साली त्यांचा फोटो घेतला आणि २०२२ साली वेब दुर्बिणीने अवरक्त, म्हणजे तांबड्याच्या पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात. नाल्याला पूर येऊन गेला की मोठ्या दगडाच्या आडोशाला गाळाची लांब शेपूट राहते, ती आठवा. खांबाच्या टोकाला दाट गोळा आहे, त्याच्या सावलीत मागचा वायू वाचला.

खांबांच्या अंगावर बारीक गाठी दिसतात. चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीने अशा ७३ गाठी अवरक्तात तपासल्या, तेव्हा ११ मध्येच बाल-ताऱ्याच्या खुणा मिळाल्या. सुंदर फोटो पाहून "इथे सगळीकडे तारे जन्मतायत" असं आपण सहज म्हणून जातो. मोजणी सांगते की बहुतेक गाठी रिकाम्या होत्या.

काठावर जडच तारे का? लहान का नाहीत?

लहानही होतात, आणि संख्येने तेच जास्त. पण जड ताऱ्याला जे लागतं ते काठावर बरं मिळतं. त्याला पुष्कळ माल हवा, तो दाट हवा आणि पटकन हवा. जड तारा पुरता वाढायच्या आतच त्याच्या गाभ्यात हायड्रोजनचं ज्वलन, म्हणजे अणुसंमीलन, सुरू होतं आणि त्याचा स्वतःचा प्रकाश वरून पडणारा माल मागे ढकलू लागतो. तरीही वाढायचं तर वर्षाला सूर्याच्या दहा-हजाराव्या ते हजाराव्या हिश्शाइतका माल येत राहिला पाहिजे. त्या गतीने दहा सूर्यांएवढं व्हायला दहा हजार ते एक लाख वर्षं लागतात, ताऱ्यांच्या हिशेबात डोळ्याचं पातं लवायला लागतो तेवढा वेळ. काठाच्या दाबलेल्या थराचे तुकडे मोठे पडतात, त्यामुळे असा पुरवठा होण्याची शक्यता तिथे जास्त.

कुठे तरी हे खरंच घडताना सापडलंय का?

मला सगळ्यात प्रिय असलेलं उदाहरण वृश्चिकात आहे. मे महिन्यात अंगणात बाज टाकून झोपलात तर मध्यरात्रीनंतर दक्षिणेला विंचवाचा आकडा दिसतो. त्याच्या शेपटीचे तारे म्हणजे आपलं मूळ नक्षत्र. त्या शेपटीत सुमारे ४,३०० प्रकाशवर्षांवर आरसीडब्ल्यू १२० नावाचा बुडबुडा आहे, म्हणजे ताऱ्याभोवती आयनीभूत होऊन फुगलेला वायू. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, जागा मात्र बोटाने दाखवता येते.

आत एकच ओ वर्गाचा, म्हणजे सगळ्यात तापलेल्या जड ताऱ्यांच्या जातीचा, तारा आहे आणि भोवती जवळजवळ गोल कडं. फ्रान्समधल्या मार्सेच्या खगोलशास्त्रज्ञांनी या कड्याचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. हर्शेल ही साडेतीन मीटर आरशाची अवकाश दुर्बीण २००९ च्या मे महिन्यात उडाली. ती दूर अवरक्त प्रकाश पाहायची, म्हणजे थंड धुळीची ऊब तिला दिसायची. २०१० साली तिच्या चित्रात या कड्याच्या एका जागी असा बाल-तारा सापडला, जो तेव्हाच सूर्याच्या ८ ते १० पट झाला होता आणि ज्याच्या भोवती सुमारे २,००० सूर्यांएवढा वायू आणि धूळ होती. साध्या प्रकाशात तिथे नुसता काळोख आहे. पुढे चिलीतल्या अल्मा रेडिओ दुर्बिणींनी त्याच दाट गोळ्यात डोकावलं, तेव्हा आत अनेक छोटे तुकडे दिसले. म्हणजे एकट्या ताऱ्याचा नव्हे, भावंडांचा पाळणा.

२०२१ साली या गोष्टीला वळण मिळालं. बोइंग विमानात बसवलेल्या सोफिया दुर्बिणीने आयनीभूत कार्बनच्या १५८ मायक्रॉनच्या प्रारणावरून बुडबुड्याच्या फुगण्याचा वेग मोजला, तो निघाला सेकंदाला १५ किलोमीटर. या वेगाने नागपूरहून मुंबई मिनिटाच्या आत येते. त्यावरून बुडबुड्याचं वय दीड लाख वर्षांपेक्षा कमी ठरलं, पूर्वीच्या अंदाजापेक्षा बरंच कमी. इतक्या थोड्या काळात काठावर तारे बनतायत, तर निर्मिती आपण समजत होतो त्याहून फार वेगाने होते.

बुडबुडे नेहमी गोलच असतात का?

नाही. तव्यावरून विस्तवावर टाकलेली भाकर बघा. पापुद्रा शाबूत असला तर टम्म फुगते, कुठे पातळ राहिला तर तिथून वाफ निसटते आणि तेवढाच भाग फुगायचा राहतो. तारा मेघाच्या कडेजवळ असला की तापलेला वायू पातळ बाजू फोडून बाहेर पडतो, पण मेघाकडच्या बाजूला दाब देत राहतो. मृगातला तेजोमेघ अशा उघड्या फोडासारखा आहे.

असे किती बुडबुडे आहेत?

स्पिट्झर या अवरक्त दुर्बिणीच्या चित्रांत आकाशगंगेच्या पट्ट्यात आधी ३२२ मोजले गेले. मग ती चित्रं सामान्य लोकांपुढे ठेवली गेली. ३५,००० हून अधिक स्वयंसेवकांनी घरबसल्या बुडबुड्यांभोवती वर्तुळं काढली, आणि २०१२ साली ५,१०६ बुडबुड्यांची यादी प्रसिद्ध झाली. दहावीच्या मुलांना मी हे आवर्जून सांगतो. संगणकाला जे नीट ओळखता येत नव्हतं ते माणसांच्या डोळ्यांनी ओळखलं, आणि त्यातल्या बहुतेकांकडे खगोलशास्त्राची पदवी नव्हती.

काठावर बाल-तारा दिसला म्हणजे तो काठानेच जन्माला घातला, असं म्हणायचं ना?

इथे घाई करू नका. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि बहुतेक लेखांत तो एका ओळीत उरकलेला असतो.

आमच्याकडे कुठल्याही शेतात जा. बाभूळ, बोर, पळस, कडुनिंब हे सगळं धुऱ्यावर दिसेल, मधल्या रानात नाही. बाहेरून आलेल्या माणसाला वाटेल की धुऱ्याची माती झाडांना मानवते. खरं कारण असं की मधल्या रानात दरवर्षी वखर फिरतो. उगवलेलं सगळं निघून जातं, आणि धुऱ्यापर्यंत वखर पोचत नाही म्हणून तिथलं वाचतं. काही झाडं तर शेत पडायच्या आधीची असतात, धुरा नंतर त्यांच्यापर्यंत आला.

ताऱ्यांच्या बाबतीत या तिन्ही शक्यता जशाच्या तशा लागू आहेत. एक, काठाच्या दाबाने तारा घडला. दोन, तारे सगळीकडेच घडणार होते, मधला वायू उधळला गेला म्हणून ते काठावरच उरले. तीन, तारा आधीच घडत होता आणि फुगता बुडबुडा त्याच्यापर्यंत येऊन ठेपला. फोटोत तिन्ही सारखेच दिसतात. संगणकावर पूर्ण मेघ उभा करून, एकदा प्रारणासह आणि एकदा प्रारणाशिवाय चालवून पाहिला, तेव्हा काठावरचे कितीतरी तारे प्रारण नसतानाही जन्मले असते असं दिसलं. काही गणितांत तर प्रारणामुळे एकूण ताऱ्यांची संख्या घटली, कारण वायूच निघून गेला.

म्हणून शास्त्रज्ञ गर्दी मोजतात. २०१२ सालच्या एका अभ्यासात बुडबुड्यांच्या काठावर जड बाल-ताऱ्यांची दाटी स्पष्ट दिसली, आणि त्यावरून असा अंदाज निघाला की आकाशगंगेतल्या १४ ते ३० टक्के जड ताऱ्यांचा जन्म अशा रेट्याने झालेला असू शकतो. "असू शकतो" हे शब्द मी वर्गातही सोडत नाही. शिवाय याचा अर्थ उरलेले सत्तरहून अधिक टक्के दुसऱ्या वाटेने आले, बहुधा मेघातले लांब धागे जिथे एकत्र मिळतात त्या दाट सांध्यांवर.

मग खरं कारण ओळखतात कसं?

मुख्यतः वयावरून. बुडबुड्याचं वय आणि थराचे तुकडे पडायला लागणारा काळ ताडून पाहतात. काठावरचा तारा मधल्या ताऱ्यापेक्षा वयाने मोठा निघाला तर रेट्याची गोष्ट तिथेच संपली. थराचा वेग मोजतात, त्यात किती माल आहे आणि तेवढा माल बुडबुड्याच्या जागेतून निघाला असेल का, हे पाहतात. ६.७ गिगाहर्ट्झवर मिथेनॉलचे मेसर (लेझरसारखेच, पण रेडिओ लहरींचे स्रोत) चमकत असतील तर आत जड ताराच वाढतोय अशी खात्री पटते, कारण ही खूण फक्त जड ताऱ्यांच्या जन्मस्थानीच सापडते.

आपल्या देशात यावर कोणी काम करतं का?

हो, आणि चांगलं. जुन्नर तालुक्यातल्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. सुट्या इलेक्ट्रॉनांचा मार्ग प्रोटॉनांजवळून जाताना वळतो, तेव्हा रेडिओ लहरी निघतात. त्या धुळीतूनही पार होतात. त्यामुळे आयनीभूत वायू नेमका कुठवर आहे, याचा नकाशा जीएमआरटी काढून देते. त्याला अवरक्त चित्रांची जोड द्यायची, की काठ आणि काठावरची पोरं दोन्ही दिसतात. अवरक्त निरीक्षणांसाठी लडाखमध्ये हानले इथे २ मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण (शास्त्रज्ञ चंद्रशेखर यांच्या नावाची) आहे, आणि २०१६ पासून नैनितालजवळ देवस्थळला ३.६ मीटरची.

आमच्या शेतातून काय दिसेल?

मृगातला तेजोमेघ, दुर्बिणीशिवाय. मृगाच्या पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण ओळखा. त्याच्या खालच्या बाजूला तीन बारीक ठिपक्यांची उभी ओळ आहे, तिच्यातला मधला ठिपका धुरकट दिसतो. तोच. सुमारे १,३५० प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे आज डोळ्यांत शिरणारा प्रकाश विदर्भातली वाकाटकांची सत्ता संपल्यानंतर निघालेला आहे.

साधी ७x५० ची द्विनेत्री असेल तर पंखासारखा पसरलेला उजेड दिसतो. छोट्या दुर्बिणीतून मधोमध चार तारे दिसतात, त्यातला सगळ्यात तेजस्वी जवळजवळ एकटाच हा सगळा मेघ उजळतो. आपल्याला दिसतो तो वायू म्हणजे मागच्या थंड काळ्या मेघाच्या पुढच्या अंगावर उठलेला फोड. त्या पडद्याच्या लगेच मागे, डोळ्यांना कधीच न दिसणाऱ्या धुळीत, आणखी जड तारे घडत आहेत. एरिक बेकलिन आणि गेरी नॉइगेबाउअर यांना १९६७ साली तिथला एक अवरक्तात सापडला, आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

एक विनंती आहे. ग्रामपंचायतीचा हायमास्ट नजरेसमोर असेल तर ओळीतला मधला ठिपका धुरकट वाटणारच नाही. दिव्याकडे पाठ करा, मोबाइल खिशात ठेवा आणि वीस मिनिटं थांबा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच.

फोटोत तांबडा दिसतो, आम्हाला राखाडी का?

मंद उजेडात आपल्या डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या पेशी काम करत नाहीत, आणि ज्या पेशी करतात त्यांना तांबडं जवळजवळ दिसत नाही. काही प्रसिद्ध चित्रांत रंग मुद्दाम नेमूनही दिलेले असतात. हबलच्या त्या खांबांच्या चित्रात गंधकाला तांबडा, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिला आहे. ती फसवणूक नाही, कोणता वायू कुठे आहे ते कळावं म्हणून केलेली खूण आहे.

"मिरग लागला का पाऊस येते. त्या ढगाचा अन् ह्या ढगाचा संबंध हाय काय?"

आजीबाईंनी विचारलेला हा प्रश्न रास्त आहे, कारण नाव एकच. मृग लागतो ७-८ जूनला, तेव्हा सूर्य मृग नक्षत्रात शिरतो. म्हणजे त्या दिवसांत मृगाचे तारे सूर्यासोबत दिवसा आकाशात असतात आणि रात्री दिसतच नाहीत. पावसाचा संबंध ऋतूशी आहे. तेजोमेघाचा पावसाशी काही संबंध नाही.

आपला सूर्यही असाच काठावर जन्मला का?

सूर्य जड तारा नाही, पण त्याच्या पाळण्याजवळ जड तारे होते असं मानायला आधार आहे. जुन्या अशनींमध्ये ॲल्युमिनियम-२६ या किरणोत्सारी अणूच्या खुणा सापडतात. तो सुमारे सात लाख वर्षांत निम्मा उरतो, म्हणजे सूर्यमाला घडताना तो ताजा मिसळलेला होता. असा माल जड तारे आपल्या वाऱ्यांतून आणि स्फोटांतून पसरवतात. काठावरच जन्मला का, एवढं त्यावरून ठरत नाही.

काठावरचा नवा तारा मोठा झाला की तोही असाच रेटा देईल? मग हे थांबतं कुठे?

देईल, पुढे वायू शिल्लक असेल तोवर. आठवीतल्या एका मुलीने हे विचारलं तेव्हा मी तिला उत्तर आकाशातच दाखवलं, कारण ते मृगात लिहिलेलं आहे. त्या परिसरातल्या जड ताऱ्यांचे गट वयानुसार लावता येतात. बाणाच्या वायव्येकडचा गट सगळ्यात जुना, कोटभर वर्षांच्या आसपासचा, आणि त्याच्याभोवती आता मेघ उरलेला नाही. बाणाच्या परिसरातला गट त्याहून तरुण, काही दशलक्ष वर्षांचा. खालच्या धुरकट ठिपक्यातले चार तारे जेमतेम दहा-वीस लाख वर्षांचे, त्यांचा मेघ अजून भोवती आहे. प्रत्येक गटाने पुढच्याला रेटलं की मेघ मुळातच टप्प्याटप्प्याने कोसळत गेला, यावर अजून वाद चालू आहे. तिने वहीत बाण काढला, खाली तीन ठिपके काढले, मधल्या ठिपक्याभोवती पेन्सिलीने धूसर केलं आणि विचारलं, "सर, ह्याच्या मागं जे बनून ऱ्हायले, ते दिसतीन कवा?" धूळ उडून जायला काही लाख वर्षं लागतील, असं मी सांगितलं. तिने ते वहीत लिहून घेतलं, आणि तेवढ्यात लाइन गेली.